‘एक्झामिनेशन’ला मराठीत फक्त ‘परीक्षा’च म्हणायचं का?

नाही. कोण कशाची करतंय, त्यावर शब्द बदलतो.

दहावी-बारावीची ती परीक्षा. आमच्याकडे ती लातूर नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं विभागीय मंडळ घेतं. शाळेतली छोटी ती चाचणी. डॉक्टर करतात ती तपासणी. ‘डॉक्टरांनी माझी परीक्षा घेतली’ म्हणालात तर अर्थच बदलतो. शेतात मात्र माती परीक्षण: ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडायची आणि सावलीत वाळवून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची.

कोर्टातले शब्द तर फार नेमके आहेत. साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचा वकील विचारतो ती सरतपासणी, समोरचा विचारतो ती उलटतपासणी, आणि त्यानंतर पहिला पुन्हा विचारतो ती फेरतपासणी. भाषांतर करताना तिन्हींना नुसतं ‘तपासणी’ लिहू नका, कागदाचा अर्थ बिघडतो.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शब्द ‘पारख’. हाळी-हंडरगुळीच्या गुरांच्या बाजारात देवणी जातीचा गोऱ्हा घेताना जाणता माणूस आधी ओठ वर करून वयासाठी दात बघतो: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला. मग चार पावलं चालवून बघतो. हीसुद्धा परीक्षाच, आणि ‘पारख’ हा शब्द आलाही ‘परीक्षा’च्याच मुळातून. संस्कृतात ‘परि’ म्हणजे सगळीकडून आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे.