धरणावर की धरण्याला?

‘कोयनेचे धरणग्रस्त धरणावर बसले’ अशी बातमी वाचून एकांनी विचारलंय : इथे ‘धरण्यावर’ हवं का? आणि हे दोन शब्द मुळात एकच का?

हवं ‘धरण्याला’. धरणावर बसतात ते पावसाळी सहलीवाले, कणीस खात. ‘धरण’चं ‘धरणाला’, ‘धरणे’चं ‘धरण्याला’; तळे-तळ्याला म्हणणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागू नये. ‘धरण्यावर’ ही ‘धरने पर’ची नक्कल, आणि ‘धरणे दिले’ तर कहरच. मराठीत धरणे धरतात.

आता खरी गंमत. दोन्ही शब्द ‘धृ’ (धरणे) या संस्कृत धातूचेच. एक पाणी धरतं, दुसरं दार. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर ठासून सांगतात की ‘धरणे’ आंदोलनवाल्यांनी हिंदीतून आणलं. मास्तरांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडावा. 1857च्या आवृत्तीत ते आहे, तेव्हा कुठली आंदोलनं? ऋणको पैसे देईना की धनको त्याच्या दाराशी उपाशी बसे. त्याला काही झालं तर पाप घरमालकाच्या माथी. इंग्रजांनी याची एवढी धास्ती घेतली की 1860च्या दंडसंहितेत, कलम 508 खाली, दैवी कोपाचं भय घालायला दाराशी बसणं हे गुन्ह्याचं उदाहरण म्हणूनच दिलं.

म्हणजे बघा, धरणेकरी हा मागणारा नव्हे, येणेकरी! म्हणून धरणग्रस्तांच्या बातमीत ‘विविध मागण्यांसाठी धरणे’ वाचलं की माझं डोकं फिरतं. ज्याची जमीन पाण्याखाली गेली आणि बदल्यातली जमीन पिढी उलटली तरी हाती नाही, तो मागणी कसली करतो? वसुलीला बसलाय तो. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणाही मला धनकोचीच वाटते : आधी रोख, मग माल. (मास्तर याला ओढाताण म्हणतात. म्हणोत.)

हां, मूळ प्रश्न. ‘धरणावर बसले’ बरोबर ठरेल असा एक प्रसंग मात्र आहे. 1921ची रामनवमी, मुळशी. टाटांच्या वीज कंपनीचं धरण बांधलं जात होतं आणि मावळातले शेतकरी बायकापोरांसह थेट त्या कामावरच जाऊन बसले. पुढे याच लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केलं. तिथे बातमीदारानं धरणावर लिहिलं असतं काय किंवा धरण्याला, मी लाल शाई काढली नसती.