गावातल्या बायकांनी क्रोशाच्या लेसचे नमुने एकमेकींना दाखवावेत का, की आपलं डिझाइन आपल्याजवळच ठेवावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावात दहा-बारा जणी क्रोशाची लेस विणतात, तुम्हाला सगळ्यांचा मिळून एक गट करायचाय, पण त्यातल्या दोघी म्हणून राहिल्या की आम्ही नमुना दाखवणार नाही, दाखवला की दुसरी उचलते. माझं उत्तर एका शब्दात, दाखवा. का ते सांगते, थोडं लांबेल, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात दोन वर्षं अबोला होता आणि तुमचा प्रश्न वाचून मला ते सगळं जसंच्या तसं आठवलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. आमच्या गावात लेस म्हणजे रुखवताचं काम. टीव्हीवरचा रुमाल, तोरण, देवघराचा पडदा, महालक्ष्म्यांच्या मागं लावायची झालर. आणि करायचं ते उन्हाळ्यात, कारण कापूस वेचणी चालू असली की बोंडाच्या टोकांनी बोटं अशी खरचटलेली असतात की अँकरचा पांढरा दोरा बोटाला अडकते आणि मळते पण. तर आमची मोठी जाऊ, मी त्यांना बाई म्हणते, त्यांचं माहेर पैनगंगेपलीकडं आदिलाबादच्या बाजूला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पेटीत एक चौकोनी रुमाल घेऊन आल्या होत्या, चारही बाजूंनी अननसाची लेस, आणि त्याचा कोपरा असा बसायचा जसा काही छापूनच आला.

ज्यांनी रुमालाला चारही बाजूंनी लेस घातली त्यांना कोपरा काय चीज आहे ते माहीत आहे. सरळ लेस तर कोणीही ओढत नेते. कोपऱ्यात खांब, म्हणजे उभे टाके, कमी पडले की तो द्रोणासारखा वर उचलते, जास्त झाले की झालरीसारखा फुगते, आणि इस्त्री केली तरी सरळ होत नाही. आमच्या गावातल्या सगळ्या रुमालांचे कोपरे द्रोण होते, बाईंचेच तेवढे सपाट. आणि बाई कोपरा आला की विणकाम मांडीवर घेऊन त्यावर पदर टाकायच्या. खरंच सांगते, कोणी ओट्यावर आलं की पदर. मी घरातली, तरी माझ्यापुढंही.

२००९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीच्या रुखवताचा टेबलक्लॉथ झाला आणि धुऊन इस्त्री करायला माझ्याकडं दिला. दुपारचं लोडशेडिंग, इस्त्री बंद, घरात कोणी नाही. मी तो टेबलक्लॉथ दारात उजेडाला धरला आणि सेफ्टी पिनेच्या टोकानं एकेक भोक मोजत बसले. दीड-दोन तास मोजलं असेल. तेव्हा लक्षात आलं की बाई सुरुवात कोपऱ्यातून करतच नाहीत, बाजूच्या मधून करतात, म्हणजे जोड कुठं आहे ते दिसत नाही आणि काही साखळ्या, म्हणजे एकात एक ओवलेले फासे, कमीजास्त करायच्या असतील तर त्या मधेच जिरून जातात. आणि कोपऱ्यातल्या एकाच भोकात सहा खांब, तीन साखळ्या, परत सहा खांब, पण हे खांब साधे नाहीत, दोन वेढ्यांचे, म्हणजे सुईवर दोरा दोनदा गुंडाळून घातलेले. कोपऱ्याचं अंतर तिरपं म्हणून लांब, तर तिथला खांबही उंच पाहिजे. एवढंच होतं. सांगायला गेलं तर दोन मिनिटांची गोष्ट, पण आमच्या अख्ख्या गावाला वर्षानुवर्षं जमली नव्हती.

मग मी काय केलं, त्याच सुट्टीत आमच्या ओट्यावर सात पोरी शिकायला यायच्या, त्यांना शिकवून दिलं. दिवाळीनंतर गावातच एक लग्न होतं, तिथं रुखवतात एका पोरीचा रुमाल मांडलेला, कोपरा हुबेहूब. बाई रुखवत पाहायला गेल्या आणि तिथंच, सगळ्या बायांसमोर मला म्हणाल्या, "माह्या मायघरची गोष्ट तुनं गावभर वाटली. मले विचारलं काय एका शब्दानं?" मी पण म्हटलं, "बाई, तुम्हाले बी तं कोनी शिकवलंच ना?" झालं. एक भिंत, एक आंगण, आणि दोन वर्षं बोलणं नाही. निरोप लेकरांच्या हातून.

आता तुमच्या त्या दोघी ज्याला घाबरून राहिल्या ती गोष्ट. ती पण आमच्याकडं झाली. पुढं शहरातला एक व्यापारी यायला लागला, त्याला दुपट्ट्यांना लावायला तीन बोटं रुंद लेस पाहिजे होती मीटरनं. दोरा त्याचा, मजुरी मीटरला बावीस रुपये. एक मीटर म्हणजे दुपार अख्खी जाते, तरी बावीस म्हणजे तेव्हा आम्हाला बरे वाटले. एकटीच्या हातानं एवढी लेस झालीच नसती, आठ जणींना एकच नमुना सारखा येत होता म्हणून ऑर्डर पुरी झाली. पण तीन-चार खेपेनंतर भाव घसरायला लागला. बावीसचे अठरा, अठराचे सोळा, सोळाचे तेरा. बाई तोवर बोलायला लागल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पाय, वाटलं तं असं होते. सगळ्याइले येते म्हनून किंमत गेली." मला त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि ते लय दिवस खुपत राहिलं.

उत्तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सापडलं. वाण देता देता मी एका पोरीच्या आईला सरळ विचारलं की तुम्ही सोळाला का दिली वो काकू, आपलं बावीस ठरलेलं असताना. तर ती माझ्याकडं पाहतच राहिली. म्हणे, "मले तं त्यानं तुमचंच नाव सांगतलं. तुम्हीच सोळाले देता म्हने." मग तिथंच बसून सगळ्यांनी बोलून पाहिलं, तर त्यानं प्रत्येकीला दुसरीचं नाव सांगितलं होतं. सोळाला कोणीच तयार झालं नव्हतं, तो म्हणाला म्हणून प्रत्येक जण झाली. आम्ही नमुना एकमेकींना दाखवला होता, पण मजुरी किती मिळते ते मात्र प्रत्येकीनं पदराखाली झाकून ठेवलं होतं. लाजेनं म्हणा, की दुसरीला जास्त मिळत असेल ह्या धाकानं म्हणा. आमचं नुकसान कोपरा दिल्यानं नाही झालं, आकडा लपवल्यानं झालं. हे मी बाईंना त्याच रात्री जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

त्यानंतर मी हे भांडण मनातून काढायचं म्हणून जिथं मिळेल तिथं लेसबद्दल वाचून काढलं. आंध्रात पश्चिम गोदावरीकडं नरसापूर आहे, तिथं क्रोशाची लेस मिशनऱ्यांनी १९ व्या शतकात आणली आणि हजारो घरांत पोचली. मारिया मीस नावाच्या जर्मन बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली छापला. त्यात आहे की कोणी नुसती फुलंच विणायची, ती जोडायचं काम दुसरीकडं, आणि माल जायचा व्यापाऱ्याच्या हातून परदेशात. मजुरी किमान वेतनाच्या कितीतरी खाली, कारण काय तर ह्या बायका घरीच बसलेल्या असतात, रिकाम्या वेळात करतात. रिकामा वेळ! आमच्या काकूंना कोणी विचारा त्यांचा रिकामा वेळ कोणता आहे ते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं की आमच्याच ओट्याबद्दल लिहिलंय. पूर्ण वस्तू जिच्या हातात नाही, आणि जिला पुढचा भाव माहीत नाही, तिला कोणीही काहीही सांगू शकते. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला, आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये मिळाला तसा. तो कोणा एका घराला नसते मिळत, त्या भागातल्या करणाऱ्या सगळ्यांचा असते.

बाईंच्या बाजूचंही वाचलं, ते पण सांगते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला तेव्हा घरोघरी बायकांनी क्रोशाच्या लेसवर चूल पेटवली. तिथं क्लोन्स म्हणून गाव आहे, तिथल्या पाद्र्याच्या बायकोनं १८४७ मध्ये शिकवणारी आणून काम सुरू केलं, म्हणजे सुरुवात शिकवण्यातूनच झाली. पण पुढं एकेका घराचं एकेक फूल ठरलेलं असायचं आणि ते घर ते फूल कोणाला दाखवायचं नाही असं सांगतात. उपाशी घर आपलं फूल झाकेल, ते मला समजते. बाईंचं माहेरही काही श्रीमंत नव्हतं. पण दुसरीकडं स्लोव्हेनियात इद्रिया गावात पाऱ्याच्या खाणीतल्या मजुरांच्या बायका लाकडी फिरक्यांवर लेस विणायच्या, तिथं १८७६ मध्ये लेसची शाळा निघाली, ती अजून चालू आहे. दीडशे वर्षं झाली. झाकलेलं एवढे दिवस टिकलं असतं का ते तुम्हीच पहा.

तर गट काढाच. पण पहिल्या दिवशी नमुन्याचा विषय काढूच नका. दोऱ्याचा गुंडा कोणाला कितीला पडतो, कुठून आणते, मीटरला काय घेते, रुमालाला काय घेते, हे आधी वहीत लिहा, सगळ्यांसमोर, आणि व्यापाऱ्याशी बोलायला दोघी जा, एकटी नाही. आम्ही हळदीकुंकवानंतर पंचवीसच्या खाली द्यायचं नाही असं ठरवलं, तो दोन महिने आला नाही, मग आला आणि वीसवर तुटलं. पंचवीस मिळाले नाहीत. पण तेराहून वीस झाले, आणि आता त्याला कोणाचं नाव घेऊन खोटं सांगता येत नाही.

नुसते व्हॉट्सॲपवर फोटो टाकून कोणी शिकत नाही हेही लिहून ठेवा. फोटोत फूल दिसते, हात दिसत नाही. दोरा किती ओढायचा ते मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय कळत नाही. तरुण पोरींना आराखडे वाचायला शिकवा, ते जपानी-रशियन पुस्तकातले, भाषा कळायची गरजच नसते. लांबट गोल म्हणजे साखळी, दांडीवर आडवी टोपी आणि मधे एक तिरपी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे दोन वेढ्यांचा. आमच्या एका पोरीनं हे शिकून यूट्यूबवरून असे असे पडदे केले की बाई चष्मा लावून पाहत बसल्या.

आणि त्या दोघी नाहीच म्हणाल्या तर जबरदस्ती करू नका. त्यांना आधी दुसऱ्यांचं पाहू द्या.

एक गोष्ट मात्र उशिरा लिहून राहिले, आधीच लिहायला पाहिजे होती. मी बाईंना विचारायला पाहिजे होतं. कोपरा वाटला त्याचं मला आजही काही वाटत नाही, पण तो दारात उजेडाला धरून त्यांच्या पाठीमागं मोजला, आणि पोरींना शिकवताना त्यांचं नाव घेतलं नाही, हे चूक होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या, बहुतेक. तरी विचारायला पाहिजे होतं. कोणाचं शिकून पुढं द्यायचं तर तिचं नाव घेऊन द्यायचं, हे तुमच्या गटात पहिल्यापासून ठेवा. मी आता कोणालाही शिकवताना म्हणते, हा आमच्या बाईंचा कोपरा. गावात त्याला बाईंचा कोपराच म्हणतात. मागच्या महालक्ष्म्यांना झालर विणायला आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, शेजारची सून आली, आणि बाईंच्या मांडीवर कोपरा होता. त्यांनी पदर नाही टाकला. तिला म्हणाल्या, बस, अंधार नको पाडू.

तुमच्या रुमालाचा कोपरा उचलत असेल तर खाली कापडाची लांबी आणि दोऱ्याचा नंबर लिहा, बाजूला किती साखळ्या बसतात ते मोजून सांगते. अननस सोडून दुसरी लेस असेल तर एका फुलाला किती खांब आहेत तेही लिहा, त्याशिवाय हिशोब लागत नाही.