टेलर मुळात कापणारा, मग शिवणारा कोण?

टेलर, शिंपी, दर्जी या शब्दांबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. एक प्रश्न थेट कातरीचा आहे, तोही इथेच घेतला आहे.

प्रश्न : 'टेलर' हा शब्द 'कापणे' या अर्थाच्या शब्दावरून आला, असं वाचलं. टेलरचं काम तर शिवण्याचं. मग नाव कापण्यावरून का पडलं?

वाचलंत ते बरोबर आहे. लॅटिनमध्ये 'तालेआ' म्हणजे कापलेली काठी, किंवा लावण्यासाठी छाटून घेतलेली फांदी. पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये त्यावरून 'तालिआरे', म्हणजे कापणे, हे क्रियापद झालं. ते फ्रेंचमध्ये गेलं आणि कापणारा तो 'तायर' झाला. नॉर्मन राजवटीनंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांची रीघ लागली, त्यातून हाही आला. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून तो इंग्रजीत सापडतो. फ्रेंचमध्ये मूळ अर्थ अजून जिवंत आहे. दगड घडवणाऱ्यालाही तिथे 'दगडाचा तायर' म्हणतात, आणि पेन्सिलीला टोक काढायच्या शार्पनरचं नाव 'ताय-क्रेयों'.

नाव कापण्यावरून पडण्यामागचं कारण कामातच दिसतं. टीप चुकली तर उसवून पुन्हा मारता येते. फार तर सुईची भोकं दिसतील. कातर अर्धा इंच आत गेली, की तेवढं कापड गेलंच. माप अंगावर कसं बसणार, उतार कुठे द्यायचा, कापड कुठल्या अंगाने टाकायचं, हे सगळं कातर लावण्यापूर्वी ठरलेलं असावं लागतं. म्हणून जिथे माणसं जास्त असतात त्या दुकानात कामं वाटली जातात : माप घेणारा आणि कापणारा 'मास्तर', शिवणारे 'कारागीर'. इंग्रजी कारखान्यांत हीच वाटणी 'कटर' आणि 'टेलर' अशी झाली. म्हणजे ज्याच्या नावाचा अर्थच कापणारा, तो तिथे शिवायला बसला आणि कापणाऱ्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागला.

जर्मनमधला 'श्नायडर' आणि हंगेरियनमधला 'साबो' हेही अर्थाने कापणारेच, आणि दोन्ही आज आडनावं म्हणून जास्त परिचित आहेत. 'टेलर'चंही तेच झालं. लॅटिनची दुसरी वाट मात्र वेगळी. तिथला 'सार्तोर' हा 'सार्किरे', म्हणजे ठिगळ लावणे, डागडुजी करणे, यावरून आला. इटालियन 'सार्तो' आणि स्पॅनिश 'सास्त्रे' त्याचे वंशज.

प्रश्न : रिटेल, डिटेल, टॅली हे शब्द टेलरचे नातेवाईक आहेत का? आणि शेपूट या अर्थाचा 'टेल'?

पहिले तिन्ही आहेत. 'डिटेल' म्हणजे तुकडे करून केलेलं, म्हणून तपशील. 'रिटेल' म्हणजे मोठ्या मालातून थोडंथोडं कापून विकणं, म्हणून किरकोळ. 'टॅली' थेट त्या लॅटिन काठीवरून आला. इंग्लंडच्या खजिन्यात हिशेबासाठी काठीवर खाचा पाडत. मग काठी उभी चिरून एक भाग देणेकऱ्याला, एक घेणेकऱ्याला. दोन्ही भाग जुळवले की खाचा जुळायच्या, हिशेब 'टॅली' व्हायचा. ही पद्धत बंद पडल्यावर साठलेल्या काठ्या जाळायच्या ठरल्या. १६ ऑक्टोबर १८३४ ला त्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या आणि त्या आगीत ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीचा बहुतेक भाग जळाला.

शेपटीचा 'टेल' मात्र नात्यात नाही. तो जर्मानिक कुळातला शब्द आहे, उच्चार योगायोगाने जुळला. 'कर्टेल' (कमी करणे) हा शब्दही कापण्याच्या अर्थाचा, म्हणून फसवतो. पण तो 'आखूड' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून, शेपूट छाटलेल्या घोड्याच्या नावातून आला आहे.

प्रश्न : मग आपले 'शिंपी' आणि 'दर्जी' कुठून आले? मराठीत कापण्यावरून काही शब्द आहे का?

'दर्जी' फारसी. 'दर्ज़' म्हणजे शिवण, दोन कडांचा सांधा. तुर्कीतला 'तेर्झी' त्याचाच भाऊ. संस्कृतात 'सूची' म्हणजे सुई, तिच्यावरून 'सौचिक'; अमरकोशात त्याच्या जोडीला 'तुन्नवाय' दिला आहे. 'तुद्' म्हणजे टोचणे, भोसकणे, त्यावरून तुन्न. इथे सगळा भर सुईवर आणि सांध्यावर आहे. 'शिंपी' हा शब्द शिवण्यावरून आला असं कानाला वाटतं, पण त्याची व्युत्पत्ति 'शिल्पिन्', प्राकृत 'सिप्पी', म्हणजे कारागीर, अशीही देतात. 'शिवणे' हे वेगळं, 'सीव्' धातूवरचं.

कापण्याच्या बाजूला मराठीत एक सुरेख शब्द आहे, 'बेतणे'. कपडा बेतणं म्हणजे मापाप्रमाणे आखून कापणं. नुसतं कापणं नव्हे. त्याच्याच आसपास 'बेत आखणे', 'बेताचं' आणि 'जिवावर बेतणे' ही मंडळी आहेत. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात त्याला मराठीत 'माया' म्हणतात, हेही इथे सांगायला हवं. इंग्रजीत त्याला परवानगी या अर्थाचा कोरडा शब्द आहे. आपला शब्द सरस आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

प्रश्न : घरी शर्ट बेतून पाहिला. शिवण सरळ आहे, पण शर्ट एका बाजूला पिळतो आणि हात वर केला की सगळाच वर ओढला जातो. शिवण्यात कुठे चुकलं?

शिवण्यात नाही, बहुधा दोन्ही चुका कापतानाच्या आहेत.

पिळणं हा उभ्या धाग्याचा दोष. कापडाच्या विणलेल्या किनारीला समांतर जाणारा तो उभा धागा. कागदी नमुन्यावरची बाणाची रेघ तंतोतंत त्याच दिशेने हवी. नजरेवर विसंबू नका. बाणाच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. पाव इंचाचा फरक आला तरी नमुना उचलून पुन्हा ठेवा. तिरकं कापलेलं कापड शिवताना गप्प बसतं आणि पहिल्या धुण्यानंतर फिरतं. सुती कापड आधी दोनतीन तास पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच बेतायला घ्या. तीन टक्के आकसलं तरी तीस इंच उंचीत जवळजवळ एक इंच जातो.

हात उचलल्यावर शर्ट ओढला जाणं हा मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडण्यासाठी काखेभोवती कापलेल्या वळणाचा, दोष. काखेत घट्ट वाटलं की नवखा माणूस मुंढा आणखी खाली खोदतो. घट्टपणा जातो, पण आता बाही अंगाला खालून जोडली गेलेली असते, म्हणून हात वर गेला की बाजूची शिवणही बरोबर वर जाते. चांगला मुंढा काखेच्या थोडाच खाली असतो आणि मोकळीक छातीच्या मापात दिलेली असते : साध्या शर्टाला छातीच्या घेरापेक्षा सुमारे चार इंच जास्त. खोदलेला मुंढा भरून काढता येत नाही. उरलेल्या कापडातून काखेत एक चौकोनी तुकडा जोडून काम भागवता येईल, तेवढंच.

पुढच्या वेळी माया अशी ठेवा : बाजूला अर्धा ते पाऊण इंच, खालच्या घेराला एक इंच, गळा आणि मुंढ्याला पाव इंच. वळणावर माया जास्त ठेवून काही मिळत नाही. मुंढ्याच्या आतल्या वळणात कापलेली कड शिवणीपेक्षा लांबीला कमी भरते, म्हणून दुमडली की ती ताणते आणि सुरकुत्या पडतात. तरीही रुंद राहिलीच, तर शिवणीच्या दोरा-दोन दोरा अलीकडेपर्यंत बारीक काप द्या. कापताना कातरीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलं असू द्या, कापड उचलू नका. एकेरी कापडातून दोन बाह्या काढत असाल तर दुसऱ्या वेळी नमुना उलटा करा. नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतील. ही चूक अनुभवी माणसाच्याही हातून होते, बहुधा घाईच्या दिवशी.

प्रश्न : मांडीच्या एका स्नायूला टेलरचं नाव आहे म्हणतात, ते काय?

'सार्टोरियस', वर आलेल्या 'सार्तोर'वरूनच. कमरेच्या हाडापासून मांडीवरून तिरका जात गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोहोचणारा हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. मांडी घालून बसण्यात त्याचा हात असतो, आणि शिवणारे पूर्वी तसेच बसत. पायाच्या करंगळीच्या मुळाशी बाहेरून गाठ येते, तिलाही टेलरचंच नाव आहे, कारण मांडी घातल्यावर तो भाग जमिनीवर घासतो.

प्रश्न : शिंपी पक्षी खरंच शिवतो का?

शिवतो. एखादं मोठं पान, किंवा दोन पानं, जवळ घेऊन चोचीने कडेला भोकं पाडतो आणि त्यांतून कापूस, झाडाचा तंतू किंवा कोळ्याचं जाळं ओवतो. तंतू भोकाबाहेर पिंजला जाऊन तिथेच अडकतो, त्यामुळे टाका मागे सरकत नाही. त्या द्रोणात घरटं. पान मात्र तो कापत नाही, फांदीवर हिरवंच राहू देतो. म्हणजे फ्रेंच अर्थाने तो टेलर नव्हेच. आणि त्याच्या शास्त्रीय नावातला 'सुटोरियस' हा शब्द लॅटिन 'सुटोर'वरून आलेला. सुटोर म्हणजे जोडे शिवणारा.