विभाजक माहीत नसताना संख्या संयुक्त आहे हे कसं कळतं?

प्रश्न: २^१२७७ − १ ही संख्या संयुक्त आहे म्हणतात, पण तिचा एकही विभाजक कुणाला माहीत नाही. आमचे सर म्हणतात, विभाजक दाखवा, नाहीतर संयुक्त म्हणू नका. बरोबर कोण? आणि विभाजक सापडत का नाही?

उत्तर: सर चूक. एवढ्यावर थांबलो असतो, पण हेच वाक्य मी एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत ऐकलंय आणि ते अजून पचलेलं नाही.

माझा प्रकल्प मर्सेन संख्यांवर, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या तुमच्या या संख्येसारख्या संख्यांवर होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो चाळला, नेमक्या याच संख्येवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिचे अवयव सांगा." म्हटलं, सर, कुणालाच माहीत नाहीत. "मग संयुक्त कशावरून?"

मी फळ्यावर ल्युका-लेहमर चाचणी मांडली. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हेच करत राहा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त. १२७ साठी (घातांक ७) ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. २०४७ साठी (घातांक ११) शेवटी येतात १७३६. संयुक्त.

"२०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, हे दिसतंयच की," ते म्हणाले. अहो, पण या आकडेमोडीत २३ कुठे आला? मूळ संख्येच्या बाबतीत जे घडायलाच हवं ते घडलं नाही, म्हणजे ती मूळ नाही. संपलं. ताप आहे एवढं थर्मामीटर सांगतो, कशाचा ते सांगत नाही, असंही म्हणून पाहिलं. "थर्मामीटरच बिघडला असेल तर?" प्रश्न वाईट नव्हता, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. माझे मार्गदर्शक तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते. गुण किती पडले ते विचारू नका.

तर उत्तर असं, की ही आकडेमोड वेगवेगळ्या यंत्रांवर पुन्हा करून शेवटची बाकी जुळवतात. १२७७ साठी लागतात १२७५ वर्ग. पायथॉन या संगणकभाषेत चार-पाच ओळी, पापणी लवेपर्यंत होतं. सरांसमोरच चालवा.

तरी मानले नाहीत तर त्यांना २^६७ − १ बद्दल विचारा. ती संयुक्त असल्याचं ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने (चाचणीच्या नावातला तोच) १८७६ मध्ये दाखवलं, एकही विभाजक न देता. १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे विभाजक मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. एक अक्षर न बोलता फक्त फळ्यावर गुणाकार केला म्हणतात. मग मधली २७ वर्षं ती संख्या काय होती? मूळ? आणि २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी दिलेली रीत तर कुठल्याही संख्येला चालते. तीही विभाजक देत नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. संख्या ३८५ अंकी आहे. तिचा प्रत्येक विभाजक २५५४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असणार, म्हणजे उमेदवार बरेच गळतात. लहान-लहान सगळे तपासून झालेत, उरलेत ते अवाढव्य. चाचणीला ठरलेल्या पायऱ्या आहेत, विभाजक शोधायला तितका स्वस्त रस्ता अजून कुणाला सापडलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. ल्युका-लेहमर फक्त मर्सेन संख्यांना चालते, तीही घातांक विषम मूळ असेल तरच. इतर संख्यांना फर्माची कसोटी लावा. २ सारखा एखादा लहान पाया घ्या, संख्येपेक्षा एकने कमी इतका त्याचा घात करा आणि त्या संख्येने भागा; संख्या मूळ असेल तर १ उरायलाच हवा. २^१४ ला १५ ने भागून १ उरायला हवा होता, उरतात ४, म्हणून १५ संयुक्त. पण ही कसोटी उलटी चालत नाही. १ उरला म्हणजे संख्या मूळच, असं नाही. २०४७ वर २ हा पाया घेतलात तर नेमका १ च उरतो आणि सर तुम्हाला तिथेच पकडतील. ३ घ्या.