सर्पदंश: बंध, चिरा आणि लस

प्रश्न: आमच्या शिराळा तालुक्यात साप चावला की अजूनही वर करकचून दोरी बांधतात, ब्लेडने चिरा देतात. जुन्या वैद्यकात हेच आहे म्हणतात. मग डॉक्टर का रागावतात? आणि दवाखान्यात लगेच लस का देत नाहीत?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर: ग्रंथांत ते आहे, हे खरं. दंशाच्या चार अंगुळं वर बंध बांधा, छेद घ्या, चोखा, डागा, असं सुश्रुतसंहिता सांगते. बाराव्या शतकात डल्हण या वैद्याने तिच्यावर भाष्य लिहिलं आणि मध्ययुगातले वैद्य याच परंपरेने चालत. त्यांचं निरीक्षण बारीक होतं. फणेवाले दर्वीकर, अंगावर ठिपके-मंडलं असलेले मंडली, पट्ट्यांचे राजिमान अशी विभागणी त्यांनी केली. मंडलीचा दंश मुळीच डागू नका, विष पसरतं, अशी ताकीदही दिली. गावोगाव बंध आणि डाग टिकले, ही ताकीद मात्र विरून गेली.

घोणशीचं विष मांस कुजवतं. बंधाने ते पायातच कोंडलं आणि रक्तपुरवठाही तुटला, तर पाय कापायची वेळ येते. बंध एकदम सोडला तर साठलेलं विष झपाट्याने अंगात जातं. म्हणून बांधलेलाच रुग्ण आणला असेल तर दोरी वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. चिरा त्याहून वाईट, कारण घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपतात आणि जखम वाहतच राहते. मंत्राने विष 'उतरलेले' दंश बहुधा धामण-दिवडीसारख्या बिनविषारी सापांचे असतात, नाहीतर विष न सोडता घेतलेले चावे.

रक्तात गेलेल्या विषावर वैद्यांकडे उतारा नव्हता. तो 1894 साली पॅरिसमध्ये काल्मेत यांनी आणि फिसालिक्स व बर्त्रां या जोडीने, अशा फ्रेंच शास्त्रज्ञांनी जाहीर केला. आपली लस आजही घोड्याच्या रक्तापासून बनते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. घोड्याच्या प्रथिनांची जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून विषाची लक्षणं दिसल्यावरच ती देतात आणि ती आवरणारं अ‍ॅड्रिनलीनचं इंजेक्शन हाताशी ठेवतात.

घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं झालंय का, हे पाहण्याची चाचणी साधी आहे. 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. वाहिलं तर लस सुरू: साधारण 10 व्हायल (छोट्या बाटल्या) सलाईनमधून, तासाभरात. सहा तासांनी पुन्हा चाचणी. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नको असलेली लस टोचली जाते. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण सापाने सोडलेलं विष वयाप्रमाणे कमी होत नाही.

नाग-मण्यारीचं विष मात्र मज्जातंतूंवर घाला घालतं, म्हणून त्यांच्या दंशात ही चाचणी चांगली येऊनही माणूस दगावू शकतो. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा सूज नसते, वेदनाही फारशा नसतात. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अशा वेळी तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा आणि लसीबरोबर व्हेंटिलेटर कुठे आहे ते तिथेच विचारा.