छतावर सोलर, पण मीटर कोणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न : घरची वीज

प्रश्न : भाऊ, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घर अर्धं स्लॅबचं, अर्धं टिनाचं. मागच्या आठवड्यात एक एजंट आला होता. 3 किलोवॉटचं सोलर 2 लाख 10 हजारात, त्यातले 20 हजार आजच रोख द्या म्हणाला. सबसिडी आम्हीच कापून घेऊ, बिल शून्य येईल आणि लाइन गेली तरी घरात उजेड राहील, असंही म्हणाला. आमचा महिन्याचा वापर एरवी 110-120 युनिटचा, कूलर लागले की 260 पर्यंत जातो. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारून चार वर्षं झाली. घ्यावं का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सोलर जरूर घ्या. पण या एजंटाकडून नको, आणि 3 किलोवॉट तर मुळीच नको.

तुमचा वर्षाचा वापर 1,900 युनिटच्या आतबाहेर बसतो. 1 किलोवॉटमधून आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट निघतात. श्रावणातल्या झडीत कमी, मार्च-एप्रिलात जास्त. म्हणजे 2 किलोवॉटमध्ये तुमचं भागून बरंच उरेल. उरलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात, पण मार्चअखेर जे शिल्लक राहतात त्यांना आपण वीज घेतो त्यापेक्षा फार कमी भाव मिळतो. तेव्हा जास्तीचं पॅनल म्हणजे कमाई, या हिशेबात पडू नका.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्तीला 78 हजार सबसिडी आहे. तिसऱ्या किलोवॉटला फक्त 18 हजार वाढतात, खर्च मात्र चाळीस-पन्नास हजारांनी वाढतो. एजंट तुम्हाला हे सांगणार नाही. 2 किलोवॉटचं काम साधारण सव्वा ते दीड लाखात बसायला हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशन जुन्या दराचं तर नाही ना, ते पाहून घ्या. सबसिडी एजंट कापत नसतो. पॅनल बसून, नेट मीटर (आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारा) लागून, तपासणी झाली की ती तुमच्या बँक खात्यात येते. तोवर पूर्ण पैसा आपल्यालाच उभा करावा लागतो. त्यासाठी सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात. रोख 20 हजार कोणाच्या हातावर ठेवू नका. योजनेच्या पोर्टलवर मान्यताप्राप्त विक्रेत्यांची यादी असते. आपल्या जिल्ह्यातल्या दोघा-तिघांचे भाव घ्या आणि अर्ज आपल्या ग्राहक क्रमांकावरून करा. पॅनल डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचंच हवं, नाहीतर सबसिडी विसरा.

पण या सगळ्याआधी मीटर. सासऱ्यांच्या नावावर अर्ज केला तर पुढे बँक खात्याचं नाव जुळणार नाही. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना 8, घरटॅक्सची पावती आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र जोडून आधी नाव बदलून घ्या. दीर-नणंदांच्या सह्या लागतील. दिवाळीला सगळे घरी आले की त्या घेऊन टाका.

आता लाइन गेल्यावरच्या उजेडाचं. मी तीस वर्षं खांबावर चढणाऱ्या माणसांत काढली, म्हणून हे ठासून सांगतो: साधं ग्रिडचं, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं, आणि पडलंच पाहिजे. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि वर फ्यूज बांधत असलेला वायरमन हकनाक जाईल. उजेड हवा असेल तर बॅटरीचं हायब्रिड घ्यावं लागतं, ते महाग पडतं आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही. घरी जुना इन्व्हर्टर असेल तर तोच राहू द्या, दोन पंखे आणि दिव्यांना पुष्कळ झाला. बिलही शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. खरी बचत 100 युनिटच्या वरची आहे. तिथून दर जवळपास दुप्पट होतो आणि तुमचा कूलर नेमका त्याच टप्प्यात चालतो.

पॅनल स्लॅबवरच बसवा, टिनावर नको. मे महिन्यातल्या वावटळीत टिनं उडतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. 2 किलोवॉटला दोनशे चौरस फूट जागा लागते. कुरड्या-पापड वाळवायला आणि उन्हाळ्यात गच्चीवर बाजा टाकायला जागा हवी असेल तर उंच स्ट्रक्चर मागा. थोडे पैसे जास्त जातील, पण तिथे नटबोल्ट आणि फाउंडेशन समोर उभं राहून बघा. वानरं येत असतील तर वायर उघडी ठेवू देऊ नका, पाइपातूनच न्यायला लावा.

अर्थिंगकडे कोणी बघत नाही आणि घात तिथेच होतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईला सोडते आणि मृगाच्या पहिल्या गडगडाटात इन्व्हर्टर जळतो. म्हणून एप्रिलपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा. पॅनल सकाळी लवकर धुवा, तापल्या काचेवर गार पाणी नको. तूर-हरभरा निघायच्या दिवसांत कुटाराची धूळ बसते, तेव्हा तर नक्की धुवा. विक्रेत्याला पाच वर्षं देखभाल करावी लागते, ते लेखी घ्या.

शेजारी कोणाचा वापर वर्षभर दर महिन्याला 100 युनिटच्या आत असेल तर त्यांना राज्याच्या स्मार्ट योजनेबद्दल सांगा. 1 किलोवॉटसाठी केंद्राच्या 30 हजारांवर राज्य आणखी पैसे घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला पदरचे अडीच हजारच भरावे लागतात.

प्रश्न : मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग आहे. घरच्या सोलरवर विहिरीची मोटर चालेल का? – एक शेतकरी

उत्तर : नाही. वावरासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही वेगळी योजना आहे. त्यात 10 टक्के आपला हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के. पंप 3, 5 किंवा साडेसात एचपीचा, जमिनीच्या क्षेत्रानुसार. सातबारावर विहिरीची नोंद आहे का ते आधी बघा, नसेल तर तलाठ्याकडून करून घ्या, मगच अर्ज भरा.