‘फंक’ म्हणजे भडक नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘इंडस्ट्रियल आणि टेक्नो संगीताविषयी वाचताना ‘फंक’ हा शब्द सारखा भेटतो. फंकी म्हणजे रंगीबेरंगी, मजेशीर. मग लोखंडावर घण घातल्यासारख्या त्या संगीताशी त्याचा संबंध काय? आणि हा शब्द आपल्या ‘फुंकणे’वरून गेला, हे खरे का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. आपण विडी फुंकतो आणि ‘फंक’चा इंग्रजीतला एक जुना अर्थ तंबाखूचा कोंदट धूर असा आहे, एवढ्या भांडवलावर हे नाते जुळवले जाते. ‘फुंकणे’ हा तोंडाने हवा सोडताना होणाऱ्या ‘फू’ आवाजावरून झालेला शब्द आहे. उगमाची हौस असेल तर कोशकार काय म्हणतात ते पाहा. ते ‘फंक’ला फ्रेंच बोलीतून लॅटिन ‘फूमुस’पर्यंत, म्हणजे धुरापर्यंत नेतात, आणि हा ‘फूमुस’ आपल्या ‘धूम’चा सख्खा भाऊबंद आहे. धूमकेतूतला ‘धूम’ तोच.

आता ‘फंकी चष्मा’ आणि ‘फंकी कुडता’. हा अर्थ इंग्रजीतही चालतो, पण तो फार उशिरा आलेला आहे. मूळ अर्थ वास. कोंदट जागेचा, अंगाचा, घामाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझचा आद्य वादक बडी बोल्डन ‘फंकी बट’ नावाचे गाणे वाजवत असे, तेव्हा तो नाचणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या खोलीतल्या हवेबद्दल बोलत होता, कुणाच्या शर्टाच्या रंगाबद्दल नाही.

आणि इथेच माझे कोशकारांशी बिनसते. धुरापासून दुर्गंधीपर्यंत त्यांची वाट सरळ आहे. पण दुर्गंधीचा शब्द कृष्णवर्णीय वादकांच्या तोंडी शाबासकीचा कसा झाला? आफ्रिकी कलेचे अभ्यासक रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी 1983 साली त्याचे उत्तर दिले. मध्य आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेत ‘लु-फुकी’ म्हणजे अंगाच्या घामाचा उग्र वास, आणि कष्टाने काही साधलेल्या माणसाचा गौरव करतानाही हाच शब्द वापरतात. नाद जुळतो, अर्थ जुळतो, स्तुतीही जुळते. यावर ‘छापील पुरावा कुठे आहे?’ असे विचारणे मला संतापजनक वाटते. ज्यांना साखळदंडात बांधून नेले आणि पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत ज्यांना लिहायला शिकवणेही कायद्याने गुन्हा ठरवले, त्यांच्या बोलीचा छापील पुरावा कुठून आणायचा? फ्रेंच धूर आणि कोंगोचा घाम न्यू ऑर्लिन्सच्या आसपास एकमेकांत मिसळले असतील, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण शब्दातला जीव घामाचाच. अमेरिकी गायक जेम्स ब्राउनच्या 1967 सालच्या ज्या गाण्यापासून अनेक जण फंकची सुरुवात मानतात, त्याचे नाव ‘कोल्ड स्वेट’ आहे.

ब्राउनने काय केले? गिटार, ट्रम्पेट-सॅक्सोफोन, आवाज, सगळ्यांचा ढोल केला. प्रत्येकाला एक छोटा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा, आणि मधल्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा तुकडा. सगळा भार पहिल्या मात्रेवर. वादक तिला नुसते ‘द वन’ म्हणतात. आपली समच म्हणा ना, फक्त दर चार मात्रांनी येणारी. ही रचना यंत्राला जणू मापाने शिवलेली होती, कारण सिक्वेन्सर, म्हणजे सूर-ताल आपोआप वाजवत राहणारे यंत्र, तेच करतो: सोळा घरे, ठरलेला तुकडा, अखंड आवर्तन. 1982 साली न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा या डीजेने क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची सुरावट रोलंडच्या 808 या तालयंत्रावर चढवून ‘प्लॅनेट रॉक’ काढले, आणि त्या प्रकाराला लोक इलेक्ट्रो-फंकच म्हणू लागले. टेक्नोच्या जनकांपैकी एक, डेट्रॉइटचा डेरिक मे, याने टेक्नोचे वर्णन करताना फंकचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एकाच लिफ्टमध्ये अडकल्याचे चित्र उभे केले होते. मोटारींचे शहर ते. आणि इंडस्ट्रियल जिथे वाढले ते इंग्लंडमधले शेफिल्ड पोलादाचे. घामाचा शब्द नेमका या गावांत रुजला, हा मला योगायोग वाटत नाही.

इंडस्ट्रियलचा आद्य बँड थ्रॉबिंग ग्रिसल याच्या 1979 सालच्या तबकडीचे नाव ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ आहे, पण ती निव्वळ हुलकावणी होती, म्हणून इंडस्ट्रियलचा फंकशी संबंध नाही, असे काही जाणकार ठासून सांगतात. हुलकावणी होती हे मान्य. पण शेफिल्डच्या कॅबरे व्हॉल्टेअर या इंडस्ट्रियल बँडने 1984 साली एका गाण्याला सरळ ‘जेम्स ब्राउन’ असे नाव दिले, ते कशासाठी? शुगर हिल या रॅप कंपनीत साथ करणारे कीथ लब्लांक, डग विम्बिश आणि स्किप मॅकडॉनल्ड लंडनच्या एड्रियन शेरवुड या ध्वनिमुद्रण-निर्मात्याबरोबर टॅकहेड नावाचा बँड झाले. शेरवुडने 1986 साली मिनिस्ट्री या इंडस्ट्रियल बँडची ‘ट्विच’ ही तबकडी घडवली. त्याच पठडीतल्या नाइन इंच नेल्सच्या 1989 सालच्या पहिल्या तबकडीच्या निर्मात्यांत शेरवुडही आहे आणि लब्लांकही. माणसे तीच, हात तेच. संबंध नाही म्हणणाऱ्यांनी तबकड्यांवरची बारीक अक्षरे तरी वाचावीत.

कानाने खात्री करायची असेल तर क्लिंटनच्या पार्लमेंट या बँडचे ‘फ्लॅश लाइट’ लावा, 1977 सालच्या तबकडीवरचे. खालचा जाड, रबरासारखा ताणला जाणारा बेस गिटारचा नाही. तो बर्नी वॉरेलने मूग नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्यावर, वाजवला आहे.